वॉशिंग मशीनच्या पावडरच्या ड्रॉवरमध्ये पाणी येत नाही? आधी जाळी बघा

घाबरू नका, आणि लगेच नवा व्हॉल्व्हही (मशीनमध्ये पाणी सोडणारी झडप) मागवू नका. बहुतेक वेळा दोष मशीनच्या बाहेरच सापडतो.

आधी हे ठरवा की कुठला कप्पा कोरडा राहतोय. प्रीवॉश (मुख्य धुलाईआधीची धुलाई) निवडला नसेल तर त्या कप्प्यात पाणी येतच नाही, आणि सॉफ्टनरच्या कप्प्यात ते शेवटच्या खळबळण्याच्या वेळीच येतं. नवीन लोक इथेच फसतात. मुख्य कप्पाही कोरडा असेल तर:

- नळ पूर्ण उघडा. मशीन भिंतीला सरकवताना पाइप मुडपलेला नाही ना, बघा.
- प्लग काढा, नळ बंद करा, मागचा पाइप सोडवा आणि तो बादलीत धरून नळ उघडा. धार बारीक असेल तर मशीनला दोष देऊ नका.
- धार जोरदार असेल तर मशीनला पाइप जोडतो तिथे आत डोकावा. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल, बहुधा गाळाने आणि गंजाच्या कणांनी भरलेली. पकडीने मधला दांडा धरून हलकेच ओढा, जुन्या टूथब्रशने धुवा आणि परत बसवा. जाळीशिवाय मशीन चालवू नका, कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.
- ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून वरच्या छतातली भोकं घासा. पावडर आणि क्षार तिथे दगडासारखे बसतात.

एवढं करूनही पाणी आलं नाही, तर मशीन सुरू करून कान द्या. घूं असा आवाज येतोय पण पाणी नाही, तर व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. काहीच आवाज नसेल तर दार नीट लागलंय का तपासा. त्यापुढचं वायरिंगचं काम मेकॅनिकवर सोडा.