घटनादुरुस्ती झाली, म्हणजे नेमकं काय झालं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : संसदेत दोन-तृतीयांश बहुमत असलं की मूलभूत हक्क काढून टाकता येतात म्हणे. खरं किती? (धरमपेठ)

दोन-तृतीयांश हा अर्धाच हिशेब झाला. घटनादुरुस्तीची रीत सांगणारं कलम ३६८ प्रत्येक सभागृहात दोन अटी एकदम घालतं : एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. लोकसभेच्या जागा ५४३. समजा ३९० जणांनी मतदान केलं आणि २६० मतं बाजूने पडली. दोन-तृतीयांश भरले, तरी विधेयक पडलं, कारण २७२ हवी होती. ४५० जणांनी मतदान केलं तर ३०० लागतील, तिथे २७२ पुरणार नाहीत. एकूण संख्येत रिकाम्या जागाही धरतात. आणि राज्यसभेत अडलं तर संयुक्त बैठक बोलावून सुटका नाही; ती सोय साध्या विधेयकांपुरती.

आता खरी मेख. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालयं, केंद्र-राज्यांच्या विषयसूच्या अशा ठरावीक तरतुदी बदलायच्या तर निम्म्या राज्यांच्या, म्हणजे आज २८ पैकी १४ विधिमंडळांच्या मंजुरीचे ठराव लागतात. मूलभूत हक्कांचा भाग ३ या यादीत नाहीच! ९७वी दुरुस्ती बघा. सहकारी संस्था काढण्याचा हक्क तिने कलम १९मध्ये घातला, तो टिकला. राज्यांतल्या सहकारी संस्थांबद्दलच्या तरतुदी मात्र, राज्यांची मंजुरी घेतली नाही एवढ्याच कारणावरून, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१मध्ये रद्द केल्या. हक्क आत आला तो संसदेच्या जोरावर, बाकीचं गळालं ते प्रक्रियेवर.

मग हक्कांना राखण कोणाची? २४ एप्रिल १९७३च्या केशवानंद भारती निकालाची. १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला : दुरुस्ती करा, पण घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे तिचा गाभा, मोडू नका. एका मताचं अंतर होतं, हे विसरू नये.

प्रश्न : आरक्षणाचा कायदा नवव्या परिशिष्टात टाकला की कोर्टाचा विषयच संपतो ना? (मानेवाडा)

नाही. १९५१च्या पहिल्या दुरुस्तीने हे परिशिष्ट आणलं, जमीनसुधारणेचे कायदे मूलभूत हक्कांच्या नावाखाली कोर्टात रद्द होऊ नयेत म्हणून. २००७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने कोएलो खटल्यात ठरवलं, की २४ एप्रिल १९७३नंतर त्यात घातलेला कायदा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतो. तमिळनाडूचा ६९ टक्के आरक्षणाचा कायदा १९९४ साली आत गेला, म्हणजे तोही त्या तारखेनंतरचाच.

प्रश्न : वेगळ्या विदर्भासाठी घटनादुरुस्ती लागते, आणि ती विधानसभेच्या ठरावाशिवाय होत नाही, असं गेल्या हिवाळी अधिवेशनात ऐकलं. (संविधान चौकाजवळून)

दोन्ही चूक. नवं राज्य कलम ३ खाली साध्या बहुमताच्या कायद्याने होतं. कलम ४ स्पष्ट सांगतं, की ही कलम ३६८ची दुरुस्ती समजायची नाही. अटी दोनच : विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस हवी, आणि ते मुदत घालून संबंधित विधिमंडळाकडे मत मागायला पाठवायला हवं. मत मागायचं, संमती नाही. जानेवारी २०१४मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालंच.

याच मुद्द्यावरचा जुना निकाल आपल्या घरचा आहे. १९५६ साली विधेयकात आधी तीन घटक होते : महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. संसदेत ते बदलून विदर्भासकट द्वैभाषिक मुंबई राज्य करण्यात आलं. बदललेलं रूप पुन्हा मत घ्यायला पाठवलं नाही, म्हणून बाबुलाल पराते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितलं, पुन्हा पाठवायची गरज नाही. विदर्भाचं घोडं अडलंय ते संसदेतल्या इच्छेपाशी, कायद्यापाशी नाही.

प्रश्न : रस्त्यासाठी शेत जातंय. माझ्या जुन्या प्रतीत कलम ३१ खाली मालमत्तेचा हक्क आहे. थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल? (काटोल)

ती प्रत बाजूला ठेवा. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने कलम १९(१)(च) आणि ३१ काढले. मालमत्ता आता कलम ३००अ खाली आहे. हक्क घटनात्मक राहिला, मूलभूत राहिला नाही. म्हणून कलम ३२ची, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जायची वाट बंद झाली. तुम्हाला कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायचं आहे. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्याच अखत्यारीत येतात.

हक्क दुबळा झाला असं मात्र समजू नका. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३००अ मधून सात गोष्टी काढल्या : नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, रास्त मोबदला, वेळेत कार्यवाही आणि प्रक्रियेचा शेवट.

आधी नोटिशीवर कायदा कुठला ते वाचा. २०१३चा भूसंपादन कायदा असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाचा १९५६चा कायदा असेल तर फक्त २१, आणि मोबदल्याचा वाद लवादाकडे जातो. लोक साठाच्या भरवशावर बसतात नि एकविसावा दिवस निघून जातो.

दुसरी चूक चेक घेताना होते. २०१३च्या कायद्याखाली मोबदला निमूट उचलला, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४चा अर्ज करता येत नाही. पैसे घ्या, पण पावतीवर सहीच्या वर लिहा : ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली.’ वकील याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात. त्या पावतीची प्रत जपा. अर्जाची मुदत : निवाड्याला, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश होताना, तुम्ही हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतली आधी संपेल ती.

प्रश्न : आणीबाणी लागली तर जगण्याचा हक्कही गोठतो का? (महाल)

आता नाही. त्याच ४४व्या दुरुस्तीनंतर कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि कलम २१ (जगण्याचा हक्क) यांची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येत नाही. १९७६ साली स्थानबद्धांची दाद ऐकायला हवी असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत नागपूर खंडपीठही होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ते उलटवलं. तो निकाल २०१७च्या पुट्टस्वामी खटल्यात, म्हणजे खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, अखेर पुसला गेला.

प्रश्न : भावाला ‘एमपीडीए’ (धोकादायक कारवाया रोखण्यासाठी स्थानबद्ध करण्याचा राज्याचा कायदा) लावला. विनाचौकशी दोनच महिने ठेवता येतं, असं ४४व्या दुरुस्तीत वाचलं. (टेका नाका)

वाचलंत ते बरोबर, पण ते लागू नाही. स्थानबद्धता तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय ठेवायची कलम २२ मधली मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारं, त्या मंडळाची रचना बदलणारं त्या दुरुस्तीतलं कलम ३ संसदेने मंजूर केलं. ते अमलात आणायची तारीख केंद्राने ठरवायची होती. ती अधिसूचना अजून निघालेली नाही! सरकारला ती काढायला लावण्यास सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. म्हणून दुरुस्ती वाचताना मंजुरीची तारीख पुरत नाही, अंमलाची अधिसूचना शोधावी लागते.

भावासाठी आजचा हिशेब असा. स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांत मिळायला हवीत, शासनाची मंजुरी आदेशापासून बारा दिवसांत, प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे. कागद त्याला समजणाऱ्या भाषेत आहेत का, पानं वाचता येतात का, हे आधी तपासा. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि शासनाकडे वेगवेगळं निवेदन द्या, पोच घ्या. निवेदन विनाकारण पडून राहिल्यानेही आदेश रद्द होतात, आणि किती दिवस पडून राहिलं हे त्या पोचेवरच्या तारखेवरूनच दाखवता येतं.