भूमध्य समुद्राकाठची तटबंदीची शहरं: पाच नको, तीन पाहा, आणि रात्री तटाच्या आत राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये बारा दिवस हाताशी आहेत, बरोबर पासष्टीची आई आहे. दुब्रोव्निक (क्रोएशिया), कोटोर (माँटेनेग्रो), ऱ्होड्स (ग्रीस), व्हॅलेटा (माल्टा) आणि एग-मोर्त (फ्रान्स) अशी तटबंदीची पाच शहरं यादीत आहेत. सगळी जमतील का? आणि लहानपणापासून सह्याद्रीतले आणि कोकणातले किल्ले पाहिलेल्या माणसाला तिथे नवं काय दिसणार?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

तुम्ही वसईचा किल्ला पाहिला असेलच. एकेकाळी तटाच्या आत नांदतं पोर्तुगीज शहर होतं. रस्ते होते, मठ होते, चर्च होती, घरं होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो घेतला. आज आत फिरताना छपरं उडालेल्या भिंती आणि त्यांवर चढलेली झाडं दिसतात. तट आहे, शहर गेलं. आपल्याकडे किल्ला म्हटलं की ही ओकीबोकी शांतताच डोळ्यांसमोर येते. भूमध्य समुद्राकाठी मला पहिल्यांदा असे तट दिसले, ज्यांच्या आत अजून कुणाच्या तरी घरी कुकर लागतो, दोरीवर कपडे वाळतात, संध्याकाळी पोरं चेंडू खेळतात. दुब्रोव्निकच्या तटावरून चालताना मिन्चेता बुरुजाच्या पायथ्याशी चक्क बास्केटबॉलचं मैदान दिसतं. ते पाहून मी तिथेच बराच वेळ उभा राहिलो होतो. वसई अजून नांदती असती तर अशी दिसली असती, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

म्हणून माझं सांगणं एवढंच की शहरं कमी करा आणि प्रत्येक ठिकाणी रात्रीचा मुक्काम तटाच्या आतच ठेवा. मी पहिल्या खेपेला दुब्रोव्निक भर दुपारी चार तासांत उरकलं होतं. क्रूझची गर्दी, ऊन, धक्काबुक्की. बाहेर पडताना शहर पाहिल्याचं समाधानच नव्हतं. दुसऱ्या खेपेला आत खोली घेतली. रात्री दहानंतर आणि सकाळी सातच्या आत तेच शहर इतकं वेगळं दिसलं की आधीची भेट मी हिशेबात धरतच नाही.

तुमच्या यादीतून व्हॅलेटा आणि एग-मोर्त या वेळी गाळा. एग-मोर्तचा जवळजवळ चौकोनी तट आजही अखंड आहे, पण समुद्र तिथून काही किलोमीटर लांब आहे आणि फ्रान्सचा दक्षिण किनारा तुमच्या वाटेवर येत नाही. व्हॅलेटा का नको, ते ऱ्होड्सबद्दल सांगताना येईलच. ऱ्होड्स चार रात्री, दुब्रोव्निक चार, कोटोर दोन. उरलेले दिवस प्रवासात जातील.

ऱ्होड्सवर मी जास्त लिहिणार आहे, कारण किल्ल्यांची आवड असलेल्या माणसाला तिथे सगळ्यात जास्त सापडतं. १३०९ च्या सुमारास सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका लढाऊ ख्रिस्ती धर्मसंघानं, हे बेट ताब्यात घेतलं आणि दोनशेहून जास्त वर्षं राखलं. १४८० मध्ये उस्मानी तुर्कांचा वेढा त्यांनी परतवला. नंतरच्या चाळीस वर्षांत तोफा फार पुढे गेल्या आणि त्यांच्या मागोमाग हा तट बदलत गेला. भिंती जाड झाल्या, बुरूज बुटके आणि रुंद झाले, खंदक प्रचंड वाढवला. उंच, पातळ मध्ययुगीन भिंत आणि तोफांसाठी बांधलेला बसका बुरूज या दोन्ही पिढ्या इथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरून, चालण्यापेक्षा इथे खंदकातून चाला. खंदक कोरडा आहे, सपाट आहे, झाडं लावलेली आहेत, तिकीट नाही आणि गर्दीही जवळपास नसते. तोफांचे दगडी गोळे अजून गवतात पडलेले दिसतात. मान वर करून दोन्ही बाजूंच्या भिंती पाहिल्या की हल्ला करणाऱ्याच्या छातीत काय धडधड होत असेल ते कळतं. तुमच्या आईलाही हा फेरफटका सहज जमेल.

त्याच भागात दांब्वाझ दरवाजा आहे, १५१२ चा. बाहेरून दोन गोल बुरुजांमधला साधा दरवाजा दिसतो. आत शिरल्यावर मात्र वाट वळते, पुन्हा वळते, आणखी एक दार लागतं, मग पुन्हा खंदक. आपला गोमुखी दरवाजा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सरळ धावत येऊन दारावर धडक मारता येऊ नये, हाच तो विचार.

१५२२ च्या उन्हाळ्यात सुलतान सुलेमान मोठी फौज घेऊन आला आणि वेढा सहा महिने चालला. तटाचा एकेक भाग सरदारांच्या एकेका गटाकडे सोपवलेला होता. गट भाषेप्रमाणे पाडलेले: इंग्लंड, इटली, प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य वगैरे. तुर्कांनी तटाखाली सुरुंग खणायला घेतले, तेव्हा गाब्रिएले तादिनी नावाच्या इटालियन इंजिनिअरनं ढोलासारखी ताणलेली कातडी आणि बारीक घंटा लावून ठेवल्या. जमिनीखाली कुदळ पडली की घंटा किणकिणायची, आणि आतून उलटा सुरुंग खणायला घ्यायचा. इतकं करूनही डिसेंबरमध्ये शहर पडलं. सुलेमाननं उरलेल्या सरदारांना मानानं जाऊ दिलं आणि १ जानेवारी १५२३ रोजी ते जहाजांत बसले. १५३० मध्ये त्यांना माल्टा मिळालं, १५६५ मध्ये तिथे पुन्हा तुर्कांचाच वेढा पडला, तो त्यांनी परतवला आणि पुढच्याच वर्षी व्हॅलेटाचा पाया घातला. व्हॅलेटा हा या गोष्टीचा उत्तरार्ध आहे. आधी ऱ्होड्स पाहा, मग पुढे कधीतरी आठवडाभर फक्त माल्टासाठी काढा.

सरदारांच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला ग्रँड मास्टरचा, म्हणजे सरदारांच्या प्रमुखाचा, राजवाडा आहे. तो पाहताना एक ध्यानात ठेवा: मूळ वास्तू १८५६ मध्ये तोफांच्या दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाली आणि आज दिसतो तो बराचसा भाग इटालियन राजवटीत, विसाव्या शतकात नव्यानं उभारलेला आहे. खालच्या बाजूचं सरदारांचं इस्पितळ मला जास्त भावलं. आता ते पुरातत्त्व संग्रहालय आहे. रुग्णांचं लांबलचक दालन वरच्या मजल्यावर अजून आहे.

उस्मानी काळात ग्रीक ख्रिश्चनांना रात्री तटाच्या आत राहायची मुभा नव्हती. दिवसा आत कामधंदा करायचा आणि सूर्य मावळला की बाहेर पडायचं. पूर्वेकडे ज्यूंची वस्ती होती. तिथलं १५७७ चं सिनेगॉग अजून उभं आहे, पण वस्ती नाही, कारण जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी या माणसांना ऑश्विट्झला नेलं आणि परत आली ती फार थोडी. नांदत्या शहराचं कौतुक मी वर केलं, पण या गल्लीत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. तिथे जरूर जा.

आता दुब्रोव्निक. तट सुमारे १९४० मीटर लांब, काही ठिकाणी २५ मीटर उंच. फेरी एकाच दिशेनं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट करावी लागते. प्लोचे दरवाजाच्या बाजूनं वर चढा, म्हणजे मिन्चेताची चढण आधी संपते आणि समुद्राची बाजू निवांत पाहता येते. सकाळी दार उघडताक्षणी जा. वर सावली नाही. पायऱ्या हजाराच्या घरात आहेत, त्यामुळे आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर सकाळच्या कॉफीला बसवा आणि तुम्ही फेरी मारून या. तिकीट महाग आहे, पण मला एकदाही पैसे वाया गेलेसे वाटले नाहीत.

वरून छपरं नीट पाहा. काही कौलं फिकी, जुनी, बरीचशी लालभडक. लाल आहेत ती क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या १९९१-९२ च्या वेढ्यानंतरची. ६ डिसेंबर १९९१ या एका दिवशी शहरावर सर्वात भीषण तोफमारा झाला. पंधराव्या शतकातला तट विसाव्या शतकातही वेढ्यात सापडतो, हे छपरांच्या रंगावरून वाचता येतं.

हे शहर शतकानुशतकं स्वतंत्र गणराज्य होतं, रागुझा नावाचं. १८०८ मध्ये नेपोलियनच्या राजवटीनं ते संपवलं. लढण्यापेक्षा व्यापार आणि मुत्सद्देगिरीवर त्यांची भिस्त. उस्मानी सुलतानाला खंडणी देऊन त्यांनी आपला कारभार आपल्या हातात ठेवला. सत्ता एका माणसाच्या हाती जाऊ नये याची तर त्यांना विलक्षण धास्ती. शहराचा प्रमुख, ज्याला ते रेक्टर म्हणत, फक्त एक महिना पदावर राहायचा. तटाबाहेरच्या खडकावर लोव्रिएनाच किल्ला आहे. त्याची शत्रूकडची भिंत १२ मीटर जाड, शहराकडची फक्त ६० सेंटीमीटर. किल्लेदारच उलटला तर शहरातून तोफ डागून ती पाडता यावी म्हणून! त्याच किल्ल्याच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातल्या सगळ्या सोन्यासाठीही स्वातंत्र्य विकू नये. बालेकिल्ला आणि किल्लेदार यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला ही भिंत पाहून फार काही सुचेल.

१६६७ च्या भूकंपानंतर मुख्य रस्त्यावरची घरं एकाच नमुन्यात पुन्हा बांधली. तळमजल्यावर दुकान, आणि दार व विक्रीचा कट्टा एकाच कमानीत. या शहराचा रक्षक संत व्लाहो. त्याच संताच्या नावाचं, साव ब्रासचं चर्च गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे आणि रागुझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध सांगितला जातो. गोव्याला जाणं होईल तेव्हा वाट वाकडी करून पाहा.

कोटोर लहान आहे, दोन रात्री पुरतात. तिथला तट शहरामागच्या उभ्या डोंगरावर चढत जातो. साधारण १३५० पायऱ्या, वर सेंट जॉनचा किल्ला. गड चढणाऱ्या माणसाला ही चढण ओळखीची वाटेल. आईंनी मात्र हा नाद करू नये, अर्ध्या वाटेवरच्या चर्चपर्यंत जाणंसुद्धा दमवणारं आहे. रात्री तटावर दिवे लागतात आणि खाडीच्या पाण्यात त्यांची माळ पडते. ती धक्क्यावर बसूनही दिसते.

खोली घेण्यापूर्वी घरमालकाला एकच प्रश्न विचारा: दरवाजापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? या शहरांत आत गाडी जात नाही. एका ठिकाणी आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि दोन जड बॅगा घेऊन दगडी जिने चढताना बायकोची पाठ धरली, पुढचे दोन दिवस ती बाहेरच पडू शकली नाही. पाऊस पडला की स्त्रादुनचा गुळगुळीत दगड भयंकर घसरतो, आईंसाठी रबरी तळव्याचे बूट न्या. जेवणाची काळजी नको. शाकाहारी असाल तर ऱ्होड्सला उपासाचं काय आहे म्हणून ‘नीस्तिसिमो’ हा शब्द वापरून विचारा, डाळी, वाटाणे, भाज्यांचे पदार्थ मिळतात. मासे नको असतील तर मात्र तेही सांगा, कारण कालवं, माकूळ त्यांच्या उपासाला चालतात. दुब्रोव्निकला बटाटा आणि लसूण घातलेली ब्लित्वा नावाची पालेभाजी आईंना नक्की आवडेल.

व्हिसाचं शेवटी सांगतो, पण अर्ज करताना ते पहिलं बघा. ग्रीस आणि क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून. कोटोर माँटेनेग्रोत आहे, तो देश शेंगेनच्या बाहेर. चालू शेंगेन व्हिसावर भारतीयांना तिथे थोड्या दिवसांसाठी जाता येतं, पण दुब्रोव्निकला परत यायचं तर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. एकाच एन्ट्रीचा मिळाला तर कोटोर अगदी शेवटी ठेवा आणि जवळच्या तिवात विमानतळावरूनच घरची वाट धरा. नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटं काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.