माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. कार्ब्युरेटर बदलू का?

कार्ब्युरेटर बदलू नका, हा बहुतेक व्हेपर लॉक आहे. पद्मिनीचा मेकॅनिकल पेट्रोल पंप इंजिन ब्लॉकलाच बसवलेला असतो. गाडी रांगत असताना पंप आणि नळी तापून आत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. रस्त्यात बंद पडली तर बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. फडक्याने सुरू झाली तर व्हेपर लॉकची शक्यता जास्त. (जुने टॅक्सीवाले हेच करायचे.)

कायमचा उपाय म्हणून:
- पंप आणि ब्लॉकमधला फायबर स्पेसर (ब्लॉकची उष्णता अडवणारा तुकडा) तपासा. नवा त्याच जाडीचा हवा. जाड झाला तर पंपाचा स्ट्रोक (दांड्याची हालचाल) कमी पडतो.
- पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा.
- रबरी होज आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) इथेनॉल सहन करणारे घाला. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं, तडकतं.

मात्र बंद पडल्यावर प्लगला ठिणगीच येत नसेल, तर दोष पेट्रोलचा नाही. तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सरही (दोन्ही ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे भाग) अगदी असाच त्रास देतो. कंडेन्सर स्वस्त, आधी तोच बदला.