खरवडणे, घासणे आणि ‘नजरेआडचे मृत्यू’

विचारणा अशी आहे: बॉटम ट्रॉलिंगला, म्हणजे बोटीमागे जाळे तळावरून ओढत केलेल्या मासेमारीला, ‘समुद्रतळ खरवडणारी मासेमारी’ म्हणावे का, आणि ट्रॉलखाली, म्हणजे या ओढजाळ्याखाली, सापडून मेलेल्या खेकड्यांना ‘बायकॅच’ म्हणता येते का?

‘खरवडणे’मध्ये चिकटून किंवा रुतून बसलेले काही धारेने सोडवून घेण्याचा भाव आहे. तळातले शिंपले लोखंडी चौकट ओढून काढतात, तिथे हे क्रियापद चपखल बसते. ट्रॉलला मात्र एक क्रियापद पुरत नाही. जाळ्याचे तोंड फाकवून धरणाऱ्या दोन जड फळ्या तळात चर पाडत जातात. त्या तळ उकरतात. फळ्यांपासून जाळ्यापर्यंत येणारे लांबलचक दोर, म्हणजे स्वीप, तळाला लागून सरकतात आणि चपट्या माशांना जाळ्याच्या तोंडाकडे हाकतात. ते तळ घासतात.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण अलास्का आणि रशियादरम्यानच्या बेरिंग समुद्रात ट्रॉलमध्ये झालेली सुधारणा नेमकी या घासण्यावर बेतलेली आहे. तिथल्या चपट्या माशांच्या ट्रॉलमध्ये सर्वाधिक तळ स्वीपखाली येतो, आणि त्याच तळावर किंग क्रॅब, स्नो क्रॅब आणि टॅनर क्रॅब राहतात. म्हणून स्वीपवर ठरावीक अंतराने मोठ्या चकत्या बसवतात. मधला दोर किमान अडीच इंच उचलला जातो, खेकड्यांना खालून निसटायला जागा मिळते आणि मासे पूर्वीसारखेच हाकले जातात. अमेरिकेने २०११ पासून बेरिंग समुद्रात या माशांच्या ट्रॉलरना हे बंधनकारक केले. २०१४ पासून अलास्काच्या आखाताच्या मध्य भागातही. अशा दोराबद्दल ‘खरवडतो’ लिहिणे सरळ चूक आहे. अर्थात ‘तळाला न लागणारा ट्रॉल’ हेही चूकच, कारण चकत्या, फळ्या आणि जाळ्याचा खालचा काठ टेकतातच.

आता ‘बायकॅच’. रूढ अर्थाने नको असताना जाळ्यात आलेला जीव म्हणजे बायकॅच. दोराखाली आलेला खेकडा जाळ्यात येतच नाही. त्याचे पाय तुटतात, कवच फुटते आणि तो तळावरच राहतो. बोटीवर पकड मोजणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. ट्रॉलच्या निरनिराळ्या भागांमागे वेगळी छोटी जाळी लावून संशोधकांनी असे खेकडे वर आणले आणि त्यांच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासून किती जगतील याचा अंदाज बांधला. या हानीला मी ‘नजरेआडचे मृत्यू’ म्हणेन. ‘अदृश्य मृत्यू’ गूढकथेतला वाटतो. सरसकट ‘चिरडलेले खेकडे’ही लिहू नये, दोर अंगावरून गेलेले बरेच खेकडे जगतात.

तेव्हा ‘उचललेल्या स्वीपमुळे खेकड्यांचा बायकॅच घटला’ असे वाक्य हाती आले, तर ‘खेकड्यांचे नजरेआडचे मृत्यू घटले’ असे दुरुस्त करावे.