वाचकांचे प्रश्न : मॅरेथॉनचा वेग कसा ठरवायचा?

प्रश्न : हाफ मॅरेथॉन १ तास ५५ मिनिटांत धावलो आहे. आता चौदा आठवड्यांनी पहिली पूर्ण मॅरेथॉन आहे. आठवड्याला ४० ते ४५ किलोमीटर धावणं होतं. चार तासांचं लक्ष्य ठेवू का? सुरुवातीला अंगात जोर असतो तेव्हाच वेगात धावून चार-पाच मिनिटं हाताशी ठेवावीत, असं सोबतचे धावपटू सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : आधी लक्ष्याचं बघू. हाफच्या वेळेला २.०८५ ने गुणलं की पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज मिळतो, आणि तुमच्या बाबतीत तो जवळजवळ चार तासच येतो. मात्र हा हिशेब पूर्ण अंतराची तयारी झालेली आहे असं धरून चालतो. आठवड्याला ४५ किलोमीटरवर ती होत नाही. पहिल्या मॅरेथॉनसाठी हाफच्या दुप्पट वेळेत १५ ते २० मिनिटं मिळवा : ४:०५ ते ४:१०. आठवड्याचं अंतर हळूहळू ५५-६० पर्यंत गेलं आणि २८ ते ३० किलोमीटरचे तीन लाँग रन नीट पार पडले, तरच चार तासांचा विचार करा.

निर्णय घ्यायला एक चाचणी पुरेशी आहे. शर्यतीच्या चार आठवडे आधी २६ किलोमीटर धावा : पहिले १४ आरामात, साधारण ६:३० च्या वेगाने (किलोमीटरला ६ मिनिटं ३० सेकंद), आणि पुढचे १२ न थांबता ५:४१ ने, म्हणजे चार तासांच्या वेगाने. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये वेग दहा सेकंदांहून जास्त घसरला किंवा धावताना एक छोटं वाक्यही सलग बोलता आलं नाही, तर तो वेग अजून तुमचा झालेला नाही. मग ४:०५ धरा, म्हणजे किलोमीटरला ५:४८. ही चाचणी ताज्या पायांनी देऊ नका. आदल्या दिवशी ८-१० किलोमीटर हलकं धावून द्या, नाहीतर निकाल फसवा येतो.

आता वेळ हाताशी ठेवण्याबद्दल. कृपया हे करू नका. समजा, ५:४१ ऐवजी पहिले पाच किलोमीटर तुम्ही ५:२५ ने गेलात. कमाई झाली ८० सेकंदांची. त्या पायी ३२ किलोमीटरनंतर वेग ७:०० वर आला, तर उरलेल्या दहा किलोमीटरमध्ये तेरा मिनिटांहून जास्त जातात. असं होतं ते इंधनामुळे. सत्तर किलोच्या माणसाला किलोमीटरमागे साधारण ७० कॅलरी लागतात, म्हणजे पूर्ण अंतराला २,९०० च्या वर. स्नायू आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा साधारण २,००० कॅलरींचा असतो. बाकीची भर चरबीतून पडते. पण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. वेग वाढला की शरीर ग्लायकोजेनवर जास्त भार टाकतं. त्यामुळे पहिल्या तासातले ते सोळा-सोळा सेकंद दिसायला किरकोळ असले, तरी साठ्यातून जास्त काढून नेतात. शिवाय सुरुवातीला गर्दी, उत्साह आणि टेपरमुळे (शर्यतीआधी कमी केलेल्या सरावामुळे) ताजे झालेले पाय यांच्या भरात ५:२५ सुद्धा ५:५० सारखं वाटतं. शरीर काय सांगतंय यावर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये विसंबू नका.

४:०५ साठी मांडणी अशी : पहिले पाच किलोमीटर ५:५७. यात ४५ सेकंद मागे पडता. सहा ते तीसपर्यंत ५:४६, म्हणजे किलोमीटरला फक्त दोन सेकंद जास्त वेगात, आणि मागे पडलेली वेळ भरून निघते. तीसनंतर ५:४८ टिकवायचा. जमत असेल तर ३५ नंतर वेग वाढवा, त्याआधी नाही. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ मध्ये धावला होता. पहिल्याच शर्यतीत दुसरा अर्धा भाग दोन-चार मिनिटं हळू गेला, तरी शर्यत चांगली झाली असं समजा. दहा मिनिटं गेली, तर सुरुवातीचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, काढून बघा.

प्रश्न : घड्याळाने सरासरी ५:३८ दाखवली, अंतर ४२.८ किलोमीटर दाखवलं, आणि अधिकृत वेळ मात्र ४:०१ आली. चार तास हुकले. मार्ग लांब होता का?

उत्तर : बहुधा नाही. प्रमाणित मार्ग सायकलने, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर आत राहून, सर्वांत आखूड रेषेवर मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. ती रेषा प्रत्यक्षात कुणालाच पकडता येत नाही. ओव्हरटेक करताना नागमोडी जाणं, पाण्यासाठी रस्त्याच्या कडेला सरकणं, बाहेरून वळणं, यांत तीन-चारशे मीटर सहज वाढतात. उंच इमारतींमध्ये जीपीएसचे झोले वेगळेच.

तुमच्या ४:०१ ला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरने भागलं तर खरी सरासरी ५:४३ येते. चार तास हवे असतील, तर तुमच्या घड्याळावर ५:३६ दिसायला हवं. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे ऑटो-लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी लॅपचं बटण स्वतः दाबणं. मनगटावर चारच आकडे लिहा : १० किलोमीटर ५६:५३, हाफ २:००:००, ३० किलोमीटर २:५०:३८, ४० किलोमीटर ३:४७:३१. स्क्रीनवर त्या क्षणाचा वेग ठेवू नका, लॅपची सरासरी ठेवा. क्षणाचा आकडा उड्या मारतो आणि तुम्ही त्याच्यामागे.

पेसरबरोबर (ठरलेल्या वेळेच्या वेगाने पुढे धावणाऱ्याबरोबर) धावणार असाल तर त्याला आधीच विचारा की तो गन टाइम (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) धरतो की चिप टाइम (स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ). मागच्या गटातून सुटणाऱ्यांना यात तीन-चार मिनिटांचा फरक पडू शकतो.

प्रश्न : माझं लक्ष्य पाच तासांचं आहे. धावणं आणि चालणं मिसळून चालेल का, की ती हार मानणं होईल?

उत्तर : चालेल, आणि नीट केलंत तर उत्तम चालेल. पाच तासांना सरासरी ७:०६ लागते. चार मिनिटं धावणं, एक मिनिट झपझप चालणं असं चक्र धरा. चालण्याचा वेग किलोमीटरला १० मिनिटं असेल, तर धावण्याचा ६:३८ हवा. तो तुम्हाला आरामाचा वाटत नसेल तर लक्ष्य बदला, चालणं कमी करू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथे : पंधरा-वीस किलोमीटर नुसतं धावायचं आणि पाय बोलायला लागले की चालायचं. तोवर स्नायूंची झीज होऊन गेलेली असते. चालण्याचं पहिलं मिनिट पाचव्याच मिनिटाला यायला हवं. मागच्यांचा विचार करून चालायला लागण्यापूर्वी हात वर करा आणि कडेला या.

प्रश्न : हार्ट रेट बघून वेग ठरवावा का?

उत्तर : पहिल्या १५ किलोमीटरपर्यंत वरची मर्यादा म्हणून वापरा. त्यानंतर वेग तोच असला तरी घामामुळे आणि तापलेल्या अंगामुळे ठोके चढत जातात, दहा-पंधरानेही. उन्हात आणखी. चढावर वेग सोडा, श्वास सारखा ठेवा. उतारावर ब्रेक लावत उतरू नका, मांड्या तिथेच जातात.

प्रश्न : ३० किलोमीटरनंतर पोटात ढवळतं, जेल (धावताना घ्यायचा कर्बोदकांचा घट्ट पाक) घशाखाली उतरत नाही. काय चुकतं?

उत्तर : बहुधा तीनपैकी एक गोष्ट. वेग जास्त असला की रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं आणि पोटाचं काम मंदावतं. दुसरं, जेल गोड स्पोर्ट्स ड्रिंकसोबत घेतलं जातं. पोटात साखर फार दाट होते. जेल साध्या पाण्यासोबतच घ्या. तिसरं, पहिलं जेल फार उशिरा घेतलं जातं. भूक किंवा थकवा जाणवण्याची वाट न बघता ३५-४० मिनिटांनी पहिलं घ्या आणि मग दर अर्ध्या तासाने. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात, म्हणजे बहुतेक जेल दोन. सवय नसलेल्या पोटाला एवढंही जड जातं, म्हणून किमान चार लाँग रनमध्ये तेच जेल, त्याच अंतराने घेऊन बघा. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर बळेच प्यायलात तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतं. डोकं जड होणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही लक्षणं दिसली तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदतकक्ष गाठा.