मुलांच्या त्वचेची स्पर्शजन्य ॲलर्जी : कारण शोधताना

ताई, मुलीच्या कानाच्या पाळीला आलेली खाज पाहून तुम्ही तिचा आहार बदलू पाहत आहात; परंतु त्याआधी कानातले कोणत्या धातूचे आहे ते पाहावे, असे मी आग्रहाने सुचवते. स्पर्शजन्य ॲलर्जीत निकेल हे अतिशय नेहमीचे कारण असून ते खोट्या दागिन्यांप्रमाणेच जीन्सच्या बटणात आणि पट्ट्याच्या बकलातही असू शकते, म्हणून बेंबीजवळही तसेच चट्टे आहेत का, हे अवश्य तपासा.

हे पुरळ बहुधा स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे आजच्या चट्ट्याचे कारण परवाच्या दिवसात शोधावे लागते आणि नेमके तेच आपल्या लक्षात राहिलेले नसते. यासाठी नवा साबण, तेल, चप्पल, कपडे यांची तारीखवार नोंद ठेवावी. नाशिकमध्ये मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यात माजणारे गाजरगवतही काहींना बाधते. लग्नसराईतील काळी मेंदी मात्र पूर्णपणे टाळा. तिच्यात अनेकदा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन मिसळलेले असते आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते.

कारण सापडलेच नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. या चाचणीत संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात व ७२ ते ९६ तासांच्या दरम्यान पुन्हा पाहणी होते. तोवर पाठ भिजू देऊ नये. दुकानदाराने सुचवलेले स्टेरॉइडचे मलम तिला परस्पर लावू नका.