चांगला पगार असूनही अमेरिकेतला भाचा तापात डॉक्टरकडे का जात नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा अमेरिकेत नोकरीला आहे, विमाही आहे, तरी तीन दिवस ताप अंगावर काढतो आणि डॉक्टरचं नाव काढलं की "परवडत नाही" म्हणतो. हा कंजूसपणा की तिथे खरंच तसं असतं?

कंजूस असेलही, मी त्याला ओळखत नाही. पण या एका बाबतीत त्याला माफ करा. मी न्यू जर्सीत, एडिसनला, तेरा वर्षं राहते आणि मीसुद्धा ताप अंगावर काढते. सांगलीत असताना दोन शिंका आल्या तरी आई कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पिटाळायची, तीच मी.

खरी गोम अशी आहे की किती पैसे लागतील हे आधी कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टर नाही, काउंटरवरची बाई नाही, विमा कंपनी तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रविवारी रात्री मी विळीवर लाल भोपळा चिरत होते. (हो, विळी. सासूबाईंनी साडीत गुंडाळून बॅगेत घालून दिलेली.) भोपळा सटकला आणि डाव्या अंगठ्याखाली चांगलंच कापलं. हळद दाबून झाली, रक्त थांबेना. अपॉइंटमेंट न घेता जाता येतं असे छोटे दवाखाने इथे असतात, त्यांना अर्जंट केअर म्हणतात. आमच्या जवळचं आठला बंद झालेलं. मग हॉस्पिटलची इमर्जन्सी रूम. अडीच तास बसून राहिले, चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. डॉक्टर माझ्यापाशी फार तर दहा मिनिटं होता, पण टाके असे घातले की आज खूण शोधावी लागते. इथल्या उपचारांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

आणि त्या रात्री पैशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. १९८६ पासून तसा कायदाच आहे. मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलला इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही तपासून आधी स्थिर करावंच लागतं, खिशात दमडी असो वा नसो. बाबांना तिकडे दाखल करताना स्ट्रेचर एकीकडे आणि अनामत भरायला मी दुसरीकडे धावत होते, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटलं.

मग पत्रं यायला लागली.

पहिलं पत्र विमा कंपनीचं. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: "हे बिल नाही." खाली बिलासारखाच तक्ता. हॉस्पिटलने मागितले २,३४० डॉलर, विमा कंपनीशी ठरलेला दर १,१८०, कंपनीने भरले शून्य, माझ्या वाट्याला १,१८०. कारण माझं डिडक्टिबल ३,००० डॉलर. म्हणजे वर्षाचे पहिले ३,००० माझे, त्यानंतर कंपनी खिशात हात घालणार. आणि वर्ष सुरू होतं १ जानेवारीला. फेब्रुवारीत बोट कापणं हा शुद्ध मूर्खपणा. इथे डिडक्टिबल भरून झालेली माणसं वर्षअखेरीस ऑपरेशनं उरकून घेतात. आमच्या ओळखीतल्या दोघांनी एकाच डिसेंबरात गुडघे बदलले.

मी सविस्तर बिल मागवलं. तेव्हा कळलं की इमर्जन्सीच्या भेटीला १ ते ५ अशा पायऱ्या असतात आणि मला चौथी लावलेली. अंगठ्याला! भांडले, पण उपयोग झाला नाही.

तीन आठवड्यांनी दुसरं पाकीट, अनोळखी नावाचं. टाके घालणारा डॉक्टर हॉस्पिटलचा नव्हताच. त्याची कंपनी वेगळी, आणि ती माझ्या विम्याच्या यादीबाहेरची, म्हणजे विमा कंपनीने जिच्याशी दर ठरवलेले नाहीत अशी. तिचे ९६० डॉलर. इथे मात्र कायदा माझ्या बाजूला होता. १ जानेवारी २०२२ पासून इमर्जन्सीत यादीबाहेरचा डॉक्टर भेटला तरी तुमच्याकडून यादीतल्या दराच्या हिशेबापेक्षा जास्त घेता येत नाही. तीन फोन केले. त्यातल्या एकात चाळीस मिनिटं पियानो ऐकला. शेवटी ९६० चे २९० झाले. एकूण १,४७०. भोपळा चार डॉलरचा होता.

त्याच कायद्याची एक गंमत सांगते. हेलिकॉप्टर अँब्युलन्सने नेलं तर संरक्षण आहे, रस्त्यावरच्या अँब्युलन्सने नेलं तर केंद्राच्या या कायद्यात नाही. म्हणून इथे छातीत कळ आलेला माणूससुद्धा टॅक्सी बोलवायचा विचार करतो. करू नये, पण करतो.

बरं, फुकट काही नाहीच का? आहे. ओबामांच्या काळातल्या २०१० च्या कायद्यामुळे बहुतेक विम्यांत वर्षाची तपासणी फुकट असते. मी गेले, रक्तदाब झाला, वजन झालं, आणि निघता निघता सहज म्हणाले, "हा खांदा जरा दुखतो." डॉक्टरीणबाईंनी खांदा दोनदा फिरवून पाहिला. महिन्याने १४० डॉलरचं बिल. तपासणी फुकट, खांदा वेगळा. तेव्हापासून त्या खोलीत मी हवामानावर बोलते.

हा सगळा पसारा नोकरीला बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली आणि ती सवय आजतागायत चालू आहे. नोकरी गेली तर तोच विमा दीड वर्षापर्यंत ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो हप्ताही आपणच भरायचा. तुमचा भाचा एच-वन-बी व्हिसावर असेल तर नोकरी गेल्यावर त्याच्याकडे या देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात. त्यात नवी नोकरी शोधायची का विम्याचे हप्ते मोजायचे?

आता भाच्याविषयी माझा अंदाज. एकटा, तरुण, धडधाकट. त्याने फॅमिली डॉक्टर धरलेलाच नसणार. इथे नव्या पेशंटला पहिली भेट मिळायला कित्येकदा आठवडे जातात, तोवर ताप उतरून पुन्हा एकदा येऊन जातो. शिवाय व्हायरल तापाला इथला डॉक्टर अँटिबायोटिक देत नाही. "टायलेनॉल (म्हणजे आपलं पॅरासिटामॉल) घ्या, पाणी प्या, झोपा" हे ऐकायला शंभर-दीडशे डॉलर का मोजा, असं त्याचं गणित असेल, आणि ते अगदीच चुकीचं नाही. आपल्या प्रत्येक घरात तिकडून आणलेल्या गोळ्यांचा एक डबा असतो. त्याच्याकडेही असेल, विचारून बघा.

पण तीन दिवस झालेत ना? मग त्याला विम्याचं कार्ड उलटून बघायला सांगा. मागे बहुधा नर्सचा फोन नंबर असतो, त्यावर सल्ला फुकट मिळतो. चौथ्या दिवशीही ताप राहिला तर अर्जंट केअरला जाऊ दे, मात्र आधी ते विम्याच्या यादीत आहे का ते बघून. धाप लागली, मान आखडली, बोलणं असंबद्ध झालं, तर यादी न बघता थेट इमर्जन्सीत. बिलाचं नंतर भांडता येतं. मी भांडलेय.